आपसाईड

प्रिय दाऊद,

काल हंगाम संपला. आज सकाळी गणपत मिरजगावच्या गाडीने गेला. तो गेल्यावर मी हे लिहायला बसलो आहे, कारण झाल्या प्रकाराचा जाब मला कोणाला तरी विचारायचा आहे. सगळे तुझ्यामुळे झाले, आणि तू नेमका हजर नाहीस. ही तुझी जुनीच सवय. शाळेत फळ्यावर गुरुजींचे चित्र काढायचास तू, आणि गुरुजी आत आले की फळ्यापाशी सापडायचो मी!

वैशाखात तुला मुदतीचा ताप आला. शाळा सुटली की मी झेंडीगेटला तुझ्या घरी यायचो आणि तुझ्या उशाशी बसायचो. एका संध्याकाळी तू माझा हात धरून मला जवळ ओढलेस. मला वाटले, सकीनाभाभींविषयी काही सांगशील. निदान घोड्याविषयी. टांगा कोणी हाकायचा, काही तरी. तू म्हणालास, "मास्तर, अवंदा फेटा गनपतला."

एवढेच. मरणारा माणूस असे बोलतो का, दाऊद?

मी हो म्हटले. तापातल्या माणसाला दुसरे काय म्हणायचे? तू लगेच डोळे मिटलेस, जणू आता काम माझे आणि झोप तुझी.

तो फेटा म्हणजे तुझ्या लग्नातला, जरीकाठी. शेवटचा सामना सुटला की मैदानावरच तो लोकांच्या लाडक्या खेळाडूच्या डोक्यावर चढायचा. बांधायचास तू. मग त्याला टांग्यात बसवून माळीवाडा वेशीपर्यंत मिरवायचास तूच. दुसऱ्या दिवशी फेटा धुऊन भाभींच्या पेटीत परत. भाभी एकदा मला म्हणाल्या होत्या, "माझ्या नवऱ्यानं हा लग्नात एकदाच घातला. त्या सायमननं किती येळा घातला इचारा."

खरेच होते ते. फेटा दर वर्षी सायमनलाच. तो पुढे खेळायचा, गोल करायचा, देखणाही होता. अर्ध्या नगरातली पोरे त्याच्यासारखा भांग पाडत. त्याचे काही चुकत नव्हते. पण गणपत फुलबॅक, मागे राहून गोल अडवणारा. त्याने गोल केलेला कोणी पाहिला नव्हता. गोल होऊ दिला नाही, हे पाहायला आपल्या लोकांना वेळ कुठे होता? ते बताशे उधळण्यात गुंतलेले!

आणि आता मूळ मुद्द्यावर येतो. त्या शब्दावर.

सामन्याला पंच छावणीतला साहेब. तो शिट्टी वाजवायचा आणि हात वर करून ओरडायचा, "ऑफसाईड!" लोकांनी तुला विचारले, साहेब काय म्हणतो? तुला माहीत नव्हते. माहीत नाही, असे म्हणायला तुझी जीभ कधी वळली आहे का? तू टांग्यावर उभा राहून सांगितलेस, "आपसाईड! आप म्हंजी आपन. साहेब म्हनतो, आपली साईड खरी!"

झाले. त्या दिवसापासून शिट्टी वाजली की सगळे मैदान "आपसाईड!" म्हणून नाचू लागले. तुका हलवायाने तर प्रथाच पाडली. हंगाम संपला की साहेबाला बताशांचा पुडा. का, तर गोरा असून आपली बाजू घेतो! साहेब पुडा घेऊन बुचकळ्यात पडलेला मी दर वर्षी पाहिला आहे.

आपल्याच गड्याविरुद्ध शिट्टी वाजली आणि साहेब तेच ओरडला, तेव्हा तू काय सांगितलेस? "आता तो त्यांच्याकडं तोंड करून बोलला. त्यांची आपसाईड." आणि लोकांना हे पटले! मी कपाळाला हात लावला.

मी तुला खरा अर्थ समजावून सांगितला होता. तुझ्याच टांग्यात बसून, तुझ्या चाबकाच्या दांडीने धुळीत रेघा ओढून. समोरच्या गड्याकडे चेंडू सुटतो त्या क्षणी त्याच्या आणि गोलच्या मध्ये आपले दोन गडी लागतात. एक गोलकीपर. दुसरा गणपत. चेंडू सुटायच्या नेमक्या क्षणाला गणपत दोन पावले पुढे सरकतो. मागे उरतो एकटा गोलकीपर. समोरचा गडी अडकतो, शिट्टी वाजते. ती शिट्टी साहेब देत नाही, दाऊद. ती गणपत वाजवून घेतो.

तू सगळे ऐकलेस. तुला कळलेही. तुझ्या तोंडावर दिसले मला. मग म्हणालास, "आन् ह्याला मराठीत काय म्हनायचं?"

मी म्हणालो, "बाजूबाह्य."

तू इतका हसलास की घोडा बुजला. "मास्तर, 'बाजूबाह्य' म्हनून कुनी नाचंल का? राहू द्या. लोकं खूश हायेत."

लोक खूश होते. आणि गणपतची सगळी कामगिरी साहेबाच्या नावावर जमा होत होती! ज्या शब्दाने तू त्याला झाकलेस, तो शब्द तसाच ठेवून तू दर वर्षी त्याच्यासाठी फेटा मागायचास. "गनपत साधा हाय." "गनपत दारूला शिवत न्हाई." अशी वशिल्याची कारणे द्यायचास. लोक हसून सायमनला उचलायचे. एका वाक्यात काम झाले असते. ते वाक्य तू बोलला नाहीस. का? आपण चुकलो असे म्हणावे लागले असते म्हणून? की नाचणारे मैदान गप्प होईल म्हणून? मला अजून ठरवता आलेले नाही, आणि आता तुला विचारण्याची सोय नाही.

यंदा तर मुदतच संपत होती. लढाई थांबली, लष्कराच्या डेपोतली कामे आटोपली, गणपतची नोकरी गेली. तो शेतीवर मिरजगावला परत जाणार हे सगळ्यांना माहीत होते. फेटा मिळायचा तर आता, नाही तर कधीच नाही.

परवा मी फेटा मागायला भाभींकडे गेलो. दाराला गोणपाटाचा पडदा. आतून आवाज आला, "कशाला पायजे? सायमनच्या डोक्यावर ठिवायला?"

"नाही. गणपतच्या."

"त्यांनी सांगितलं व्हतं?"

"हो."

पेटी उघडल्याचा आवाज. "मरतानाबी फुटबालच," भाभी म्हणाल्या. पडद्याखालून फेटा बाहेर आला, जुन्या ओढणीत बांधलेला. "मास्तर, गनपतला बांधनार असाल तर न्या. दुसऱ्याला बांधला तर माझ्या दारात परत आनू नका."

सांग, आता मी काय करायचे होते? मी सभेत बोलत नाही. घरच्या लग्नात मला दोन शब्द बोलायला उभे केले तर घाम फुटतो. हे तुला माहीत होते. तरी तू हे काम मला दिलेस!

काल सामना छावणीच्या संघाशी होता. सायमनने गोल केला, चांगला केला, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. शेवटी शेवटी त्यांचा एक उंच गडी एकटा पुढे उभा होता. मागून लांब चेंडू आला. मी चेंडूकडे पाहिलेच नाही. गणपतकडे पाहत होतो. तो दोन पावले पुढे आला, अगदी सहज, पायाखाली काही चिकटले असावे तसा. उंच गड्याने चेंडू जाळ्यात मारला. शिट्टी आधीच वाजली होती.

"आपसाईड!" मैदान उसळले. सामना सुटला. सायमन खांद्यावर चढला. भाभींचा भाऊ हुसेन तुझा टांगा घेऊन आत आला. तुका हलवाई धापा टाकत माझ्यापाशी आला. "मास्तर, काढा फेटा."

मी टांग्याच्या पायरीवर चढलो. म्हणालो, "फेटा गणपतचा आहे."

लोक हसले. दाऊद, ते प्रेमानेच हसले, तुझी आठवण येऊन. "दाऊदचं भूत आलंय मास्तरात!" कोणी तरी ओरडले.

मी समजावायला लागलो. दोन गडी, गोलकीपर, चेंडू सुटण्याचा क्षण. मागून आवाज आला, "शाळा सुटली, मास्तर!" लोक पांगायला लागले. मी खाली उतरलो आणि तुकाचे दंड धरून त्याला टांग्याच्या चाकापाशी उभे केले. "तुम्ही गोलकीपर." हुसेनला ओढले. "तू गणपत." सायमनला म्हणालो, "तू खाली उतर आणि छावणीचा गडी हो." तो भला मुलगा, उतरला. आणि फेट्याचे गाठोडे मी चेंडू म्हणून हातात धरले. मी हुसेनला पुढे ओढले, मग गाठोडे सायमनकडे फेकले. "आता ह्याच्यापुढे कोण उरले?"

"मी," तुका म्हणाला.

"एकटे?"

"एकटाच की."

"म्हणून शिट्टी. साहेब ओरडतो ते याच्यासाठी. त्याचा अर्थ आपली बाजू असा नाही."

तुका चाकाला टेकून उभा राहिला. त्याच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या. "म्हंजी आपसाईड साहेब देत न्हाई?"

"नाही."

"गनपत घेतो?"

"गणपत घेतो."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"आन् बताशे साहेबाला?" तुका किंचाळला. "रेशनच्या साखरेचे बताशे! पोरांच्या तोंडचे! आन् ह्या बेण्याला शेंगदानाबी न्हाई दिला आमी!"

मग त्याचे डोळे बारीक झाले. "दाऊदला ठावं व्हतं का हे?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काय उत्तर दिले ते तुला ऐकायचे असेल. मी म्हणालो, "त्याला उशिरा कळले. म्हणून तर मरताना सांगून गेला." अर्धे खोटे, अर्धे खरे. तुझ्यासाठी मी आजवर पुष्कळ वेळा अंगठे धरून उभा राहिलो, त्यात हे एक.

तुका वळला आणि ओरडला, "आपसाईड कुनाची?"

सायमनच ओरडला, "गनपतची!"

आणि मैदान पुन्हा उसळले. पाहिलेस? मी अर्धा घसा फोडून शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांनी अर्थ सोडून दिला आणि शब्दाचा मालक तेवढा बदलला. "आपसाईड गनपतची!" ओरडत लोकांनी त्याला उचलले. तो "आरं, मला कशाला, मला कशाला" म्हणत पाय झाडत होता.

फेटा बांधता कोणालाच येत नव्हता. इतकी वर्षे तूच बांधायचास, कोणाला शिकवलेस का? तुकाने तो जिलबीसारखा गुंडाळला. वेशीच्या वाटेवर तो गणपतच्या डोळ्यांवर उतरत होता. तुझा घोडा प्रत्येक चहाच्या दुकानापुढे थांबत होता, तुझीच शिकवण. झेंडीगेटला भाभी पडद्याआड उभ्या होत्या. टांगा थांबला. गणपतने एका हाताने फेटा सावरत दुसऱ्या हाताने सलाम केला.

आतून आवाज आला, "असा बांधत्यात व्हय? शेमला कुठाय?"

कोणी हसले नाही. मग त्याच हसल्या. हसल्याच असाव्यात. पडदा हलत होता.

आज सकाळी गणपत माझ्याकडे आला. फेटा धुऊन, घडी घालून भाभींना परत देऊन आला होता. त्या त्याला म्हणाल्या होत्या, "ठिवते. फुडल्या साली लागंल." गाडीला वेळ होता. आम्ही ओट्यावर बसून चहा घेतला.

"मास्तर, एक इचारू? रागावनार न्हाई न्हवं?"

"विचार."

"आपसाईड म्हंजी नक्की काय?"

दाऊद! मी बशी खाली ठेवली.

"अरे, काल एवढे सांगितले! तूच तर करतोस ते!"

"करतो की," तो म्हणाला. "चेंडू सुटताना मी फुडं सरलो की साहेब शिट्टी मारतो. एकदा सरलो, मारली. पुन्यांदा सरलो, पुन्यांदा मारली. मला वाटायचं, मी भीत न्हाई म्हनून साहेब खूश व्हतो. काल तुमी टांग्यापाशी सांगत व्हता तवा मी लांब व्हतो, बूट काढत. पार ऐकलंच न्हाई."

चाबकाच्या दांडीने ओढलेल्या त्या रेघा मला आठवल्या. ओट्याखाली धूळ होती. काडीही पडली होती. मी काडी उचलली. गणपत वाकून पाहू लागला. त्याला रात्रीच्या आत मिरजगावला पोचायचे होते, तिथे त्याला कोणी तरी विचारणार होते, फेटा कशाबद्दल मिळाला म्हणून.

मी काडी टाकून दिली.

"आपली साईड," मी म्हणालो. "आप म्हणजे आपण."

"तरीच," गणपत म्हणाला. "दाऊदभाईबी तेच म्हनायचे." आणि समाधानाने उठून गेला.

झाले तुझ्या मनासारखे? मराठीचा मास्तर तुझ्या रांगेत येऊन बसला!

आता एक कबूल करतो, आणि एवढेच. पुढच्या हंगामापर्यंत मी फेटा बांधायला शिकेन, शेमला सोडून, भाभींना नाव ठेवायला जागा राहणार नाही असा. तुकाकडून शिकणार नाही. कोणाच्या डोक्यावर जाईल ते लोक ठरवतील. तुझ्या जागी, टांग्याच्या पायरीवर, मी उभा असेन. शिट्टी वाजली तर ओरडेन. काय ओरडेन, ते तुला ऐकू येईल.

तुझ्यावर अजून रागावलेला,
वसंता मास्तर