सात नंबरचं दूध बंद करू नका

बाबा,

चिहारूला घेऊन ओबिहिरोच्या दवाखान्यात जातेय. तिलाही पहाटेपासून जुलाब होताहेत, पण पाणी पितेय, तेव्हा घाबरून फोनवर फोन करू नका. सात नंबरच्या वासराच्या शेणात काल गुरांच्या डॉक्टरांना जो जंतू सापडला, तोच तिला लागला असणार. वासराला बोटं चोखायला द्यायचं तिला तुम्हीच शिकवलंत ना!

आज तुमच्या सवयीप्रमाणे आजाऱ्याकडे आधी धावायचं नाही. आधी धडधाकट वासरं, सात नंबर सगळ्यात शेवटी. मग बूट आणि दुधाची बाटली उकळत्या पाण्याने धुवा. हा जंतू नुसत्या औषधाच्या फवाऱ्याला दाद देत नाही.

आणि हगवण लागली की दूध बंद करायचं, हे तुमचं जुनं शास्त्र आता गुंडाळून ठेवा. दूध नेहमीइतकंच पाजा. डॉक्टरांची जुलाबावरची पावडर पाण्यात कालवून दुधानंतर दोन तासांनी, वेगळी द्या. ते वासरू जगणार आहे. मी त्याचे डोळे बघितलेत.

मिसो सूप शेगडीवर आहे. हात धुतल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

निघताना चिहारूने विचारलं, "आजोबांनी सातला दूध दिलं?" मी हो म्हणून सांगितलंय. मला खोटी पाडू नका.

नात्सुए