कडेपासून चार बोटं

बाबा, आज दुपारी तुम्ही दिलेला काचेचा तुकडा मी मायक्रोस्कोपखाली ठेवला. प्रयोगशाळेत लोकांच्या फुटलेल्या काचा रोज तपासते, पण याला हात लावायला बावीस वर्षं गेली.

रामदासपेठेतल्या त्या दवाखान्याचं काचेचं दार तुम्हीच कापून, कडा घासून बसवलं होतं. महिन्याभरात ते फुटलं आणि एका नर्सच्या मनगटाची नस कापली. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, कड कच्ची राहिली, तिथूनच काच तडकली. तुम्ही तुकडे पोत्यात भरून घरी आणले आणि स्वयंपाकघरात दोन दिवस जुळवत बसलात. "कडेले काही नाही झालं वं. मधात मार बसला तिले." मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. इतवारीतल्या आपल्या दुकानात गिऱ्हाईक येईना, कॉलेजात मुली विचारायच्या, त्याचा राग डोक्यात. मी म्हणाले, "तुमचाच हात चुकला, बाबा. मान्य करून टाका न." आई पोळी लाटायची थांबली. तुम्ही एक तुकडा माझ्यापुढे सरकवला. "ठेव. कधी समजलं त पाहजो." त्यानंतर तुम्ही एकही दार बसवलं नाही. फोटोंच्या फ्रेमा करत राहिलात, आणि चार वर्षांनी गेलात.

काच जिथून फुटायला लागते तिथे ती आरशासारखी गुळगुळीत असते. पुढे धुरकट होते, मग खरखरीत रेघा उठतात. त्या रेघा धरून उलटं जात राहिलं की सुरुवात सापडते. मी आज तशीच गेले. तुम्ही घासलेली कड जशीच्या तशी आहे. सुरुवातीचा तो गुळगुळीत अर्धचंद्र तिच्यापासून चार बोटं लांब, काचेच्या अंगावर आहे, आणि तिथेच मार बसल्याचा बारीक खड्डा. कशाचा मार, ते काच सांगत नाही. तीनदा पाहिलं. चौथ्यांदा डोळ्यांना नीट दिसेना.

घरी आले तर आई मेथी निवडत होती. मी विचारलं, "बाबांचं ते दार काहून फुटलं असेल?"

"त्यांचा हात चुकला होता," ती सहज म्हणाली. "तूच त म्हटलं होतं. तू शिकलेली, मी मानून घेतलं."

म्हणजे तुम्ही असतानाही ती तेच मानून होती. तिला सांगावं म्हणून मी शेजारी बसले आणि नुसती मेथी निवडत राहिले. उद्या सांगेन, असं इथे लिहिणार होते. पण बाबा, मला अजून धीर होत नाही.