मशीनच्या सुरात लावलेली गिटार

प्रिय धाकटे,

परवा ड्रम वाजवायला ये म्हटलं तर फोनवर तू 'नाही म्हणजे नाही' म्हणालीस, नाक ओढलंस आणि फोन ठेवून दिलास. मला राग आला नाही, हसू आलं. लहानपणी दूध नको असायचं तेव्हाही तू अगदी अशीच नाक ओढायचीस. म्हणून आता हे पत्र. फोनवर काय होतं, तिसऱ्या वाक्याला मला दम लागतो, तो तुला ऐकू जातो, मग तू रडतेस, तू रडतेस म्हणून मी विनोद करते आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. पत्रात मी कुठे थांबले, कुठे उशीला टेकून छताकडे बघत बसले, याचा तुला पत्ताही लागणार नाही. एकच कर, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात वाचू नकोस. उगाच कुणाची तरी भलतीच दाढ उपटशील.

घरची खबर अशी, की आमच्या झोपायच्या खोलीचा स्टुडिओ झाला आहे. कपाट पॅसेजमध्ये गेलं आहे, त्यामुळे बाथरूमला जायचं तर अंग चोरून जावं लागतं. गेल्या आठवड्यात लंबू तिथे बेस गिटारसकट अडकला. एवढी मोठी शाळेची बस रोज गल्लीबोळांतून काढणारा माणूस, आणि आमच्या कपाटापाशी फसला! खिडकीला जुनी गादी उभी केली आहे, भिंतींवर दुलया टांगल्या आहेत, आणि या सगळ्याच्या मधोमध पलंगावर मी, महाराणीच्या थाटात, नाकात नळी घालून. रेकॉर्डिंग करायला एक मुलगी येते. दिवसभर ती कर्णयंत्रांच्या दुकानात आजी-आजोबांच्या कानांत यंत्रं बसवते आणि तिथून सुटली की आमच्याकडे. आम्ही तिला कानवालीच म्हणतो. ती इतकं हळू बोलते की तिच्या गिऱ्हाइकांना यंत्र घेण्यावाचून दुसरा इलाज नसावा.

हा अल्बम म्हणजे तुझ्या भावोजींचं गेल्या वर्षभराचं वेड. आजवर आमच्या बँडने गाणी केली ती सगळी सुटी सुटी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. या खेपेला म्हणाला, एकच गोष्ट सांगायची, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. गोष्ट कुणाची ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण पहिलं गाणं बंद पडलेल्या लिफ्टचं आहे म्हटल्यावर काय समजायचं ते मी समजले. तुला आठवतच असेल, मी स्नेअर ड्रम काखोटीला मारून त्या कचेऱ्यांच्या इमारतीत गेले होते आणि दोन मजल्यांच्या मध्ये लटकले होते. करायचं काय, म्हणून ड्रम काढून वाजवत बसले. वरून लिफ्टवाला मेकॅनिक ओरडला, की वाजवत राहा, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते मला कळेल. मी आपली इमानेइतबारे वाजवत राहिले. लग्नानंतर त्याने कबूल केलं, की लिफ्ट कुठे अडकली होती हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. चांगला अर्धा तास जास्तीचा वाजवून घेतला माझ्याकडून!

चौथ्या गाण्यात नायिका आजारी पडते. ते गाणं त्याने मला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मी हातातली उशी फेकून मारली. गाण्यातली बाई इतकी सोशिक, इतकी हसतमुख, इतकी समजूतदार, की मला वाटलं हिच्या गोडव्याने आधी नवराच जाईल. मी म्हटलं, ही कोण बाई? ही आपल्या घरात कधी राहायला होती? मग आम्ही दोघांनी बसून तिला माणसात आणलं. आता ती बिनमिठाचं सूप बेसिनमध्ये ओतते, श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्यावर खेकसते, आणि एक्स-रे काढणारा मुलगा देखणा आहे म्हणून त्या दिवशी आवर्जून केस धुऊन जाते. हे शेवटचं तुझ्या भावोजींनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, यमक छान जुळतंय, राहू दे. एका गाण्यात तो तिला म्हणतो, 'दार धरून ठेव, मी जिने चढून येतो.' एवढीशी ओळ, पण मी ती ऐकली की माझे हात आपोआप हलके होतात. मला हा माणूस फार आवडतो गं. इतकी वर्षं झाली तरी आवडतो, अजून काय सांगू.

आणि आता मशीनची गंमत ऐक. नाकातल्या नळीमागोमाग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, खोलीच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलं आणि दिवसभर हुंऽऽ करत राहिलं. पहिल्या रेकॉर्डिंगला कानवालीने तिच्या त्या मुंगीच्या आवाजात विचारलं, की तेवढं ते बंद करता येईल का. लंबूने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे पाहिलं, आणि आपण काय बंद करायला सांगितलं हे लक्षात येऊन ती पोर लालबुंद झाली. मी इतकी हसले की मशीनचा आकडा वर न्यावा लागला. थोडा वेळ बंद ठेवलं असतं तर मला चाललं असतं, पण तुझे भावोजी कसले ऐकतात! ते गिटार घेऊन मशीनशेजारी जमिनीवर बसले, कान लावला, आणि एकेक तार त्या सुराला मिळवून घेतली. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध कुठेतरी लागतो तो सूर, जगातल्या कुठल्याच पेटीत सापडणार नाही असा. लंबूनेही बेस त्यालाच लावला. तेव्हापासून सगळा अल्बम त्या सुरात आहे. आमचा पाचवा मेंबर. तालमीला कधी उशीर करत नाही आणि चहा मागत नाही.

पुढे झालं काय, मशीन भाड्याने देणाऱ्या कंपनीचा माणूस सर्व्हिसिंगला आला आणि मोठ्या प्रेमाने जुनं मशीन घेऊन नवंकोरं ठेवून गेला. हे अगदी शांत आहे म्हणाला. शांत कसलं, सूरच वेगळा! गोष्ट अर्ध्यावर, आणि आमचा सा पळाला. शाळेची मुलं उतरवून रिकामी झालेली बस घेऊन तुझे भावोजी, लंबू आणि कानवाली थेट कंपनीच्या गोदामात गेले. तिथे एकसारखी दिसणारी मशीनं ओळीने मांडलेली. हे तिघं एकेक चालू करून त्याच्यावर कान टेकवत पुढे सरकतायत, आणि गोदामवाला तोंडाचा आ वासून बघतोय. शेवटी कानवालीने आमचं मशीन ओळखलं आणि म्हणे त्याला मिठीच मारली. गोदामवाल्याने विचारलं, नव्यात बिघाड काय आहे? लंबू गंभीर चेहरा करून म्हणाला, बेसुरं आहे. पाचवा मेंबर बसमधल्या पहिल्या सीटवर बसून, पट्टा लावून घरी आला. गेल्या काही महिन्यांत मी इतकी हसले नव्हते. नुसतं आठवलं तरी मला अजून थांबून श्वास घ्यावा लागतो, आणि तो मी खुशाल घेते.

सगळी गाणी झाली, एक सोडून. शेवटचं. ते रडकं नाही हं, चांगलं पळतं गाणं आहे, पाय हलल्याशिवाय राहायचे नाहीत. त्यात ती गेलेली आहे आणि तो उरलेला आहे, आणि तो काय काय करतो ते एकेका कडव्यात आहे. शेवटच्या कडव्यात काय आहे ते मला माहीत नाही, कारण तिथे आला की तुझे भावोजी शब्द विसरतात. शहरातल्या निम्म्या लिफ्टच्या वायरिंगचे नकाशे ज्याच्या डोक्यात आहेत तो माणूस स्वतः लिहिलेलं कडवं विसरतो, आणि म्हणतो, परत घेऊ. परत घेतो, परत विसरतो. आधी मला वाटलं, दमला असेल. मग लंबू स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला आणि कानवाली हेडफोन उगाचच पुसायला लागली. मी ड्रमर आहे, मोजणं हे माझं काम. तो दर वेळी एकाच मात्रेवर थांबायचा. इतक्या अचूकपणे कुणी विसरत नाही. आणि मधल्या काळात नवी गाणी मात्र धडाधड येत होती. आमच्या पडद्यांवर गाणं, शेजाऱ्याच्या सुरू न होणाऱ्या स्कूटरवर गाणं. आठ गाण्यांचा अल्बम मारुतीच्या शेपटासारखा वाढत चालला.

एका सकाळी तो स्वयंपाकघरात मटार सोलत होता. मी नळी ओढत ओढत तिथे गेले, समोर बसले आणि सरळ विचारलं. तो सोलतच राहिला. दाणे कचऱ्यात आणि सालं वाडग्यात. मग म्हणाला, अल्बम संपल्यावर काय करायचं आपण? मी रडले. तोही रडला. आम्ही दोघं त्या सालांच्या वाडग्यावर ओणवे होऊन इतके रडलो की शेवटी हसायला लागलो. मी म्हटलं, अरे बाबा, तू ते कडवं म्हटलं नाहीस म्हणून माझी फुप्फुसं काही मऊ होणार नाहीत. ती कडक होतायत ती होतच राहणार. फक्त मला ते कडवं ऐकायला मिळणार नाही, एवढंच होईल. मग ठरलं, की हे गाणं घरात घ्यायचंच नाही. लोकांसमोर घ्यायचं, जिथे परत घेऊ म्हणायची सोय नाही. लंबूच्या डेपोतली शेड मिळाली आहे, रविवारी दुपारी बसगाड्या बाहेर उभ्या करायच्या आणि आत खुर्च्या मांडायच्या. पाचवा मेंबरही येणार. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्यांनी माझे कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, पुढच्या महिन्याचा पहिला रविवार ना, जरूर करा. त्याच्या पुढचं मात्र काही ठरवू नका. आणि मग स्वतःसाठी दोन खुर्च्या धरून ठेवायला सांगितल्या.

आता तुझ्याकडे येते. फोन ठेवण्याआधी तू म्हणालीस, 'ताई, तुझ्या ड्रमच्या स्टुलावर मी बसले म्हणजे तू जाणार हे मी मान्य केल्यासारखं होईल.' तू आणि तुझे भावोजी, दोघांना एका वर्गात बसवायला हवं. मी तुला सांगितलं, की मला आता काठ्या दुसऱ्या कडव्यापुढे झेपत नाहीत, ड्रमर नाही म्हणून सगळं अडलंय. काठ्यांचं खरं आहे, अडल्याचं खरं नाही. लंबूच्या ओळखीतले दोन चांगले ड्रमर तयार आहेत, एकाने तर कपडे कुठल्या रंगाचे घालू म्हणून विचारलंसुद्धा. मला तूच हवी आहेस, त्याचं कारण वेगळं आहे. बँड सुरू झाल्यापासून मी मागे बसते. मला त्याची पाठ माहीत आहे, शर्ट कुठे आधी भिजतो ते माहीत आहे, टाळूवरचं टक्कल किती वाढलंय ते त्याच्या आधी मला कळतं. पण आमचा बँड समोरून कसा ऐकू येतो ते मला ठाऊक नाही. माझ्यावरची सगळी गाणी या माणसाने माझ्याकडे पाठ करून म्हटली आहेत. मला एकदा समोर बसायचं आहे. ते कडवं म्हणताना त्याचा चेहरा कसा होतो ते बघायचं आहे. आणि मागे दुसरं कुणी असलं तर माझं सगळं लक्ष त्याच्या हातांवर राहील, ताल चुकतोय का ते मोजत बसेन, गाणं राहूनच जाईल. तुझे हात मीच घडवले आहेत, त्यांच्याकडे मला बघावं लागणार नाही. मी जाणार आहे हे तू मान्य कर किंवा करू नकोस, तो तुझा प्रश्न. तू फक्त ये, आणि मला त्या स्टुलावरून उठव.

तुझीच,
ताई