खुर्चीतला खळगा

सोमवार, ३ मार्च

लागली एकदाची नोकरी! आई जन्मभर माझ्या पसाऱ्याच्या नावाने खडे फोडत आली आणि आता मला पसारा करण्याचाच पगार मिळणार. हे ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला. मग शेजारच्या काकूंना फोन करून तेच मोठ्या कौतुकाने सांगितलं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. मॅडम, प्रकाशाचं काम बघणारे दादा आणि मी, एवढाच कारभार. अजून न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर करायची, ती बघून लोक घर घेतात. त्यात मला खिडकीजवळची जागा मिळाली, म्हणजे सोन्याहून पिवळं.

बुधवार, ५ मार्च

पहिला हॉल हातात आला. सोफा, पडदे, लाकडी फरशी, सगळं जिथल्या तिथे, तरी त्यात कुणी राहत असेल असं काही वाटेना. मॅडम म्हणाल्या, कॉम्प्युटरला चुका करता येत नाहीत, त्या आपण करायच्या. मग मी पडद्याची एक चुणी वाकडी केली, उशी चेपली, दिव्याच्या बटणाभोवती बोटांचा मळ बसवला. दादा म्हणाले, पोरी, हे तुझ्या रक्तातच आहे. आईला सांगायला हवं!

डाग मनाने काढले तर खोटे दिसतात, म्हणून खऱ्या वस्तूंचे फोटो काढून ते चित्रात बसवायचे. त्यासाठी मागच्या खोलीत जुन्या, बेवारशी फर्निचरचा ढीग ठेवलाय. तेवढ्यातूनच घ्यायचं, स्वतःच्या घरचं काही आणायचं नाही, असा इथला रिवाज. का, ते दादांनी सांगितलं नाही. असतात एकेकाची खुळं.

सोमवार, १० मार्च

ढिगातले डाग वापरून वापरून मला पाठ झाले. काल घरी सरळ जेवणाच्या टेबलाचे फोटो काढले. त्यावर कपाचा गोल डाग आहे, आणि आईने कधीतरी रागाच्या भरात सुरी आपटली होती तो चरा. आज दोन्ही चित्रात बसवले. मॅडम खूशच झाल्या. म्हणाल्या, आता इथे माणसं राहतात असं वाटतंय. डाग कुठून आणले ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

गुरुवार, १३ मार्च

आईने विचारलं, टेबलाला पॉलिश कधी केलंस? मी म्हटलं, मी नाही, तूच केलं असशील. डाग नाही, चरा नाही, हात फिरवला तर काचेसारखं गार. दोघी एकमेकींवर ढकलून हसत बसलो.

आज मला सुट्टी होती. दुपारी बेल वाजली म्हणून आई आरामखुर्चीतून उठली. बाबा गेल्यापासून ती तिथेच बसते. ती गेली तरी उशीतला खळगा तसाच होता, तिच्या आकाराचा. इतका छान दिसत होता की मी चटकन फोटो काढला. तिच्या कोपराने झिजलेलं खुर्चीच्या हातावरचं कापडही फोटोत घेतलं.

रविवार, १६ मार्च

खुर्चीचं चित्र मॅडमना पसंत पडलं. ऑफिसच्या भिंतीवरही लागलं.

पण इथे घरी उशी फुगून आली आहे. आई बसते तरी ती दबत नाही. उठते तेव्हा मागे काहीच नसतं. बोटावरचा विळीचा व्रण गेला, डोळ्यांखालच्या सुरकुत्या गेल्या. ती आरशासमोर लाजून हसत होती, म्हणाली, तुझा पगार अंगी लागला बघ! मला हसू येईना. दाराच्या काचेवर तिने हात टेकला, उचलला. ठसा उमटला नाही.

मला भीती वाटते आहे.

मंगळवार, १८ मार्च

दादांना गाठलं. आधी उडवाउडवी केली, मग खाली मान घालून बोलले. चित्रात गेलेली खूण परत येत नाही. ती चित्रात आहे तोवर ज्याची खूण तेही इथे असतं. तिथे पुसली, की मग —

मी विचारलं, तुमच्या घरी कोण असतं? म्हणाले, मी एकटाच. पण दाराशी एक बायकी चपलांचा जोड आहे, तो कोणाचा ते त्यांना आठवत नाही.

बुधवार, १९ मार्च

गिऱ्हाइकाने चित्रातल्या टेबलावरचा डाग आणि चरा पुसायला लावले. मॅडमनी सकाळीच पुसले.

संध्याकाळी आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. आई म्हणते, आपण नेहमी असंच जेवतो. मलाही तसंच वाटतंय. वर मीच टेबलाबद्दल लिहिलंय, अक्षर माझंच आहे. पण आमच्याकडे टेबल —

गुरुवार, २० मार्च

गिऱ्हाईक म्हणतंय, त्या खुर्चीत आधीच कुणी बसून गेल्यासारखं वाटतं. नवं घर वाटत नाही. उशी सपाट करा.

मॅडमच्या पाया पडायची तेवढी राहिले. त्या म्हणाल्या, अगं, खळगाच तर आहे, एवढं काय रडायचं? उद्या सकाळी करून टाक.

नाही करणार. फाइल उडवली. त्यांच्याकडे दुसरी प्रत आहे —

शुक्रवार, २१ मार्च

गेले नाही कामावर. आईचा हात धरून बसले आहे. ती सारखी विचारते, झालंय काय तुला, दोन घास तरी खा.

मॅडमचा फोन. तू येत नसशील तर मीच करते म्हणाल्या, दोन मिनिटांचं तर काम. मी ओरडले. त्यांनी ठेवला —

लिहून ठेवते. आई. माझ्या कानाएवढी उंच. हसताना तोंडावर हात धरते. रागावण्याआधी खोकते. मला हाक मारते ती —

हात सोडलेला नाही. सोड गं, दुखतोय, म्हणाली, आणि हसली —

धरलाय. घट्ट —

समोरची खुर्ची अगदी नवी दिसते आहे. कधी आणली मी —

आणि माझा हा डावा हात असा हवेत, मूठ आवळून, कोणाला धरून —