बाटलीत गूळ नको

आत्याबाई,

बाळाला पोलिओचा डोस पाजायला पहिल्या एस्टीनं नेतेय. तुम्ही साक्षरता वर्गात वाचायला शिकलात, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलंय. शेजारी कुणाकडून वाचून घेऊ नका.

ह्यांना डेपोत तिकिटाची खिडकी सोडून भाकरी खायला सवड मिळत नाही, म्हणून आपण दुपारच्या डब्याऐवजी बाटली देतो. तीन चमचे फुटाण्याचं पीठ, एक चमचा भाजलेल्या जवसाची पूड, वर ताक, मीठ, जिरं. घुसळून भरा. गूळ टाकू नका, पाया पडते.

काल बाटली धुताना बुडाशी गुळाचा खडा निघाला. परवाही निघाला होता. "फिकं पिऊन राहिलं माझं लेकरू, काहून छळतीस त्याला?" असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी खरं सांगितलं नाही, कारण ह्यांनी मला शपथ घातली होती. पण काल ते खिडकीवरच चक्कर येऊन पडले. पाय घसरला म्हणून तुम्हाला सांगितलं, ते खोटं. त्यांना दोन महिन्यांपासून शुगर आहे. मामंजींना होती, तीच.

ते उठायच्या आत डोळे पुसा आणि बाटली फिकीच भरा.

पल्लवी