मोहाच्या झाडांची वही

१८ फेब्रु.
हे जाऊन तीन महिने झाले. कुहीकडून रुखमाचा फोन. यांच्या कामातली, दोन एकर धानवाली. म्हणाली, "वहिनी, भाऊची वही घरी हाये काय? कोनतं झाड कोनाचं ते त्यात लिवलं हाये. जाळ्या त्याच परमाने वाटाच्या हायेत."
पाहते म्हटलं. वही समोर टेबलावरच होती.

१९ फेब्रु.
वही वाचली. मोहफुलं वेचायला सोपं पडावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. बांधावरची आग जंगलात शिरते. ते थांबवून झाडाखाली जाळी बांधायची, यात यांची सात वर्षं गेली. प्रत्येक झाडापुढे घराचं नाव. आणि जवळजवळ पानोपानी "रुखमाला विचारणे". माझं नाव कुठेच नाही. दोनदा शोधलं. एका पानावर फक्त "दूध, कढीपत्ता".

२३ फेब्रु.
रुखमा घरी आली. बरोबर लाखोरीची डाळ. हसत सांगत होती, "भाऊले झाडावर चढता येत नव्हतं, पन हुकूम सोडाले सगळ्यात पुढं!"
हे मला माहीत नव्हतं.
"वही भेटली काय वं वहिनी?"
"नाही."
"मंग कठीन हाये. माहा देर म्हन्ते, कोनाचं झाड कोनतं यावर झगडे कराच्यापेक्षा काडी लावू."
मग निघताना, दारात: "दिवाळीत छाती दुखून राहिली होती त्यायची. मी म्हटलं, वहिनीले सांगा. तं म्हने, नको, ते घाबरते."
मी कप उचलून आत गेले.

२४ फेब्रु.
त्या दोघांत वाईट काही नव्हतं. असतं तर भांडता तरी आलं असतं. छातीचं दुखणं तिला सांगितलं. मी बाजूच्या खोलीत नाही, बाजूलाच झोपत होते.
वही कपाटात ठेवली. कुलूप.

२० मार्च
फुलं गळायला लागलीत. काल एका झाडावरून दोन घरांत भांडण, जाळी फाटली. रुखमाच्या दिराने चिडून पाला पेटवला. आग नाल्यापलीकडे जंगलात गेली. बायांनी ओल्या फांद्यांनी झोडपून विझवली. रुखमाचा उजवा हात भाजला.
फोनवर मलाच समजावत होती, "घाबरू नका वहिनी, इझवलं."
म्हटलं, वही सापडली.
ती म्हणाली, "बरं झालं. कुठं होती?"
मी म्हटलं, उद्या घेऊन येते.

२१ मार्च
कुहीच्या बसमध्ये. शेजारी कुणी नाही, म्हणून लिहिते आहे. रुखमा स्टँडवर येणार आहे. नको म्हटलं तरी ऐकत नाही.
वही देईन. यांनी तिला आणखी काय काय सांगितलं, तेही विचारायचं आहे. पण आधी मला सांगावं लागेल की वही कधी हरवलीच नव्हती. आणि ते ऐकल्यावर ती मला काही सांगेल का?