घटाआधी धुतलेलं घर

४ मे, रविवार

बापूभावजी आणि माझा नवरा वि., दोघा भावांच्या सह्या झाल्या. हडपसरचा मळा गेला. बदल्यात बिल्डरच्या तयार होत आलेल्या इमारतीत एकेक फ्लॅट, आमचा अकराव्या मजल्यावर. घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं. बिल्डरचा माणूस मला म्हणाला, "काकू, पाडायचं टेन्शन घेऊ नका. जेसीबी अर्ध्या दिवसात साफ करतो." म्हटलं, उपकार झाले.

संध्याकाळी वि.ला विचारलं, हे घर मांजरी गावातल्या आपल्या जागेवर नेता येईल का? इतका हसला की चहा बशीत सांडला. "अगं घर आहे ते, ट्रंक नाही."

मी हसत नाही हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. मग अट घातली. वर्ष संपायच्या आत तिकडे कौलं चढली तर तिकडे राहू, नाही तर अकरावा मजला आणि पुन्हा तो विषय नाही. मी हो म्हटलं. साक्षीला शकू, माझी धाकटी जाऊ. ती म्हणाली, "ताई, तुमचं काय खरं न्हाय."

मला अकराव्या मजल्यावर राहायचं नाही. आणि या ओसरीवर एकतीस वर्षं पोरांकडून माठ, केळी न् पितळी तांब्या काढून घेतलाय. शाळेतली नोकरी संपली पण ओसरीवरचा चित्रकलेचा क्लास सुटला नाही. फ्लॅटच्या हॉलमध्ये कोण येऊन बसणार?

६ मे

सोपान मिस्त्री येऊन गेले. मांजरीचे. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मी "बाई". तासभर घराभोवती फिरले. खांबांवर बोटाची पेरं वाजवून ऐकत होते. डॉक्टर पाठीवर वाजवतात तसं.

"सागवान हाय बाई. खिळा एक न्हाय. सुटंल की."

किती दिवस लागतील?

"सुटाया पंधरा. बसवायाचं तुमच्या हुशारीवर."

माझ्या?

"नंबर कोन टाकनार मग?"

८ मे

दोन दिवस नंबर टाकतेय. खांबांना गुलाबी खडू, तुळयांना पिवळा, वाशांना पांढरा. चौफेर बारा खांब. कार्डशीटवर नकाशा काढला, त्यावर तेच आकडे. फार सुंदर झालाय, मीच म्हणते.

मिस्त्री म्हणाले, पटाशीनं बारीक कोरून टाकू का आकडे? मी म्हटलं, एवढं सोन्यासारखं लाकूड, कशाला ओरबाडायचं? आयुष्यभर खडूनंच लिहीत आलेय, काही अडलं नाही. त्यांनी पटाशी पिशवीत ठेवली. त्यांना फार बोलायची सवय नाही.

१३ मे

आज तुळया उतरल्या. एक गंमत दिसली. खांबाच्या डोक्यावर जो निमुळता तुकडा असतो, तुळईच्या भोकात बसणारा, त्याला कुसू म्हणतात (आजच कळलं). एका कुसवावर पटाशीनं केलेली खूण. एक फुली, पुढे सहा उभ्या रेघा. बाकीच्यांवर इतकी काजळी की काही दिसेना.

मिस्त्री म्हणाले, "जुन्या मिस्त्रीची खूण. फुली म्हंजी धा."

म्हणजे सोळा?

"सोळा."

पण खांब तर बाराच आहेत.

"आसंल काहीतरी," म्हणून ते पुढच्या तुळईकडे गेले. मला रात्रभर 'काहीतरी' पुरलं नाही.

२९ मे

टेम्पोच्या सहा खेपा. बारा खांब गेले, बारा उतरले, मी स्वतः मोजले. मांजरीला पत्र्याची शेड घातलीय. अवकाळीनं घोळ घातला होता पण लाकूड कोरडं पोचलं. भिंतींचं काही नेता आलं नाही, माती ती. ती तिथेच राहिली.

वि. रिकाम्या जोत्यावर बसून होता. कुठल्या खोलीत बसलाय ते बाकी कुणाला कळलं नसतं. मला कळलं. त्याच्या आईच्या चुलीपाशी.

१४ जुलै

भाड्याच्या जागेत आहोत, हडपसरलाच. शेडवर जाऊन आले. वाळवी नाही. मांजरीचं नवं जोतं तयार. पाऊस संपल्याशिवाय मिस्त्री हात लावणार नाहीत. वि. फ्लॅटच्या टाइल्स बघून आला. मला रंग विचारला. म्हटलं, तुला आवडेल तो.

२० सप्टेंबर, शनिवार

काय लिहू.

परवा घट बसणार. शकू काल दोन बायका आणि पाण्याचा टँकर घेऊन शेडवर गेली आणि सगळं लाकूड धुऊन काढलं. सगळं. रिठ्याच्या पाण्यानं, काथ्यानं घासून. खांब, तुळया, वासे. नंतर पुसून उन्हात उभे करून ठेवले. मला फोन केला तो कौतुकानं. "ताई, या की बघायला, सोन्यावानी झालंय."

गेले. खरंच सोन्यासारखं झालंय. गुलाबी नाही, पिवळा नाही, पांढरा नाही. एक आकडा शिल्लक नाही.

मी किंचाळलेच. काय बोलले ते इथे लिहीत नाही. शकू तोंडावर पदर धरून उभी. मग म्हणाली, "घटाआधी घरातलं सगळं धुत्यात ना? भांडी, गोधड्या, माळ्यावरचं सगळं. मग हे घर न्हाय का? तुमीच तर म्हनता घर हाय म्हणून."

मी चपला घातल्या आणि निघाले.

येताना रिक्षात रडले. एकतीस वर्षं फळा पुसलेला बघतेय आणि खडू पुसला जातो हे मला सुचलं नाही. मिस्त्री कोरू का म्हणाले होते.

२१ सप्टें.

मृणालला फोन. रविवार असूनही खराडीला ऑफिसात होती. आमची एकुलती एक. "आई, चॉक? सिरियसली? बॅकअप नाही?" मग म्हणाली, फोटो असतील ना तुझ्या फोनमध्ये.

आहेत. दोनशे चौदा. दुपारभर मी आणि वि. बघत बसलो. प्रत्येक फोटोत एक खांब, तुळई नाही तर वासा आणि त्यावर माझा सुवाच्य आकडा. आकडा काढला तर सगळे खांब जुळे भाऊ. गाठींवरून दोन ओळखले. तेही नक्की नाही.

मिस्त्रींना विचारलं, अंदाजानं बसवता येईल का? "बाई, प्रत्येक कुसू येगळं. जबरीनं घातलं तर फाटतंय."

वि. नीट वागतोय. टाइल्सबद्दल बोलत नाही. तेच जास्त लागतंय.

२४ सप्टें.

शकूकडे गेले. घट बसलेत. ओटी भरली तिनं. मी माफी मागायला गेले होते पण तीच आधी बोलली.

"माझं पन घर व्हतं ना ते. पंचवीस वर्सं. मला फ्लॅट आवडतो, लिफ्ट आवडती, खोटं का बोलू. पन तुमी ते घेऊन चालला आन मला कुनी इचारलं न्हाय. म्हटलं निदान धुवून तरी देऊ."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. सांगितलं तिला तसं. दोघी रडलो, मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली. फार छान करते ती खिचडी.

निघताना म्हणाली, "त्या खांबांच्या टाळक्यावर काय कोरलंय ओ? घासताना हाताला लागत व्हतं."

२५ सप्टें.

सकाळी सातला शेडवर!

सगळ्यांवर आहेत. सगळ्यांवर. शकूच्या काथ्यानं काजळी निघाली आणि खुणा उघड्या पडल्या. खांबाच्या कुसवावर जी खूण, तीच त्याच्या तुळईच्या टोकावर. एक रेघ, दोन रेघा, तीन... दहाच्या पुढे फुली. कुणीतरी माझ्या आधी हे सगळं करून ठेवलंय. आणि त्याच्याकडे खडू नव्हता, अक्कल होती.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "मंग? मी म्हनलो व्हतो की, जुन्या मिस्त्रीची खूण." म्हणाले होते खरे.

२९ सप्टें.

बसत नाही. जोत्यावर पहिली रांग मांडली: एक, दोन, तीन, चार, डावीकडून उजवीकडे. दुसरी रांग पुन्हा डावीकडून, पाच. चारची तुळई पाचला पोचत नाही, तोंड भलतीकडे. उलट करून पाहिलं. नाही. तीन दिवस गेले. मिस्त्रींच्या पोरांनी खांब इतक्यांदा उचललेत की माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मिस्त्रींनी हत्यारं जोत्यावर मांडली. करवत, पटाश्या, रंधा, हातोडा. हळदकुंकू, झेंडू. आज हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून सगळे निवांत. शकू नारळ घेऊन आली होती. पूजा झाल्यावर तिनं जोत्याला प्रदक्षिणा घातली, पाणी शिंपडत, कोपऱ्यावर थांबत, वळत.

मी बघत होते. चौथ्या खांबाच्या जागेवरून ती सरळ वळली आणि पुढे चालू लागली. परत पहिल्या टोकाला आली नाही. कशाला येईल?

ओरडले, "मिस्त्री! पाच तिकडे नाही, इकडे! वळून!"

मिस्त्री हसले. पहिल्यांदाच बघितलं मी त्यांना हसताना. "वही लिवल्यासारखं मांडत व्हता बाई तुमी. घराभवती कोन तसं फिरतं?"

मग आधी का नाही सांगितलंत?

"मला कुठं म्हाईत व्हतं."

आज हात लावायचा नाही म्हणजे नाही. उद्या दसरा. दिवस जाता जात नाही.

३ ऑक्टो.

एक ते आठ मांडले. नुसते टेकवले तरी टोकं एकमेकांना भेटतात. आठनंतर नऊ शोधला. नाही. दहा, अकरा, बारा, नाहीत. एकदम तेरा. तेरा ते सोळा आहेत आणि सोळाची तुळई एकला जाऊन मिळते.

आधी वाटलं टेम्पोत गेले. पण बारा निघाले, बारा आले. म्हणजे हे चार आमच्याकडे कधी नव्हतेच. आठ आणि तेरा एकमेकांशेजारी येतात, पश्चिमेला. त्यांच्यामधली तुळई खुणेशिवायची. आणि दोघांच्या बाहेरच्या अंगाला एकेक चौकोनी भोक, लाकडाचा तुकडा ठोकून बुजवलेलं. इतकी वर्षं भिंतीच्या मातीत होतं, दिसणार कसं?

मिस्त्रींनी एक तुकडा काढून आत बोट घातलं. "हितनं अजून एक खोली व्हती. घर सुटं करून आनलंय. एक खोली मागं ऱ्हायली."

कुठे मागे?

"त्यो म्हाईतगार ग्येला."

११ नोव्हें.

बाराही खांब उभे. तुळया बसल्या, खिळा एकही नाही. आढं शनिवारी. वि. आज बँकेतून परस्पर इकडे आला. टाय सैल करून घराभोवती फिरला, खांबांवर पेरं वाजवली. कुणाकडून शिकला कोण जाणे. मग आठच्या भोकात बोट घालून बघितलं.

जेवताना म्हणाला, "आण्णा सांगायचे, घर नदीपलीकडून बैलगाड्यांनी आणलं."

आण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या गोष्टीत बिबट्यासुद्धा हात जोडून वाट सोडायचा, त्यामुळे आम्ही कुणी कधी मनावर घेतलं नाही.

"पलीकडे म्हणजे?"

"खराडीची बाजू. अजून काय आहे पलीकडे?"

७ डिसेंबर, रविवार

वि. आणि मृणाल सकाळी खराडी गावठाणात गेले. वि. स्वतःहून! चहावाला, देवळातले म्हातारे, सगळ्यांना विचारून झालं. मृणालनं खुणांचे फोटो दाखवले. एका आजोबांनी फोन डोळ्याशी नेऊन बघितलं आणि म्हणाले, असलं लाकूड कुठल्याशा वाड्यात बघितलंय. कोणत्या ते आठवेना. आठवलं की सांगतो म्हणाले. वि.नं नंबर देऊन ठेवला. दोन कागदांवर, एक हरवला तर.

मृणाल म्हणाली, बाबा फार क्यूट झालेत. ती रोज ज्या काचेच्या इमारतीत जाते ती त्याच गावाच्या शेतात उभी आहे.

२१ डिसें.

कौलं निम्मी चढली. अटीचे दहा दिवस उरले. मला झोप नाही. मिस्त्री म्हणतात, हुतंय. वि. रोज संध्याकाळी उरलेली कौलं मोजतो. मीही.

२८ डिसें., रविवार

शेवटचं कौल दुपारी दोनला बसलं. शकूनं पेढे वाटले, तिच्या लिफ्टच्या घरातून आणलेले. वि.नं फ्लॅटची चावी मृणालच्या हातात दिली आणि म्हणाला, "तू बघ आता टाइल्स." तेवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं बोलेल. मी आत जाऊन डोळे पुसून आले.

मग गवंड्यानं विचारलं, "साहेब, ही पश्चिमेची भिंत उद्या घेऊ का? विटा आल्यात."

आठ आणि तेराच्या मधली. बाकी तिन्ही बाजू झाल्यात, तेवढी उघडी आहे. तिथून संध्याकाळचं ऊन थेट ओसरीपर्यंत येतं.

वि. भोकाकडे बघत होता. "नको. तिथे सध्या पत्रा लावा."

"पत्रा? नव्या घराला? किती दिवस?"

"बघू. नऊ ते बारा, चौघं यायचेत अजून."

गवंड्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पत्रा लावला. वि.नं चारच खिळे मारू दिले, काढताना सोपं पडावं म्हणून.